आकेसाच्या कपाळावरची शाई

लेसिएलीला शाईबद्दल काही विचारायची सोय नव्हती. विचारलं की बाई तासभर ऐकवायची. नेइआफू या बेटावरच्या गावात बाजारामागे तिचं घर, आणि ओसरीवर दोन प्रिंटर. डावीकडच्या लहान प्रिंटरात पाण्यात विरघळलेला रंग, दिसायला झगझगीत, पण ओलं बोट लागलं की ओघळणारा. उजवीकडच्या मोठ्यात बारीक भुकटीची शाई, ती एकदा कागदावर वाळली की पाण्याला दाद देत नसे. पोरांच्या शाळेचे कागद डावीकडे, चर्चचे आणि बड्या घरचे उजवीकडे, असा तिचा शिरस्ता. शाईतलं आपल्याइतकं अख्ख्या बेटावर कुणाला कळत नाही, असं ती सांगायची आणि ते खरंही होतं. म्हणून तर पुढे ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायला तिला तोंड उरलं नाही.

बेटाच्या सरदारांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका उजवीकडे छापणं चालू होतं, शाई तळाला गेलेली आणि नवी अजून बोटीवर. त्यातच शेजारच्या आकेसाचा मुलगा फोलाउ मासे धरायला गेला आणि त्याची होडी रिकामी सापडली. बरीच शोधाशोध करून माणसं परतली. देहच नाही म्हटल्यावर अंत्यविधीला चटयांवर ठेवायचं काय? आकेसाच्या भावाने फोन आणून दिला. त्यात फोलाउ उन्हाने डोळे बारीक करून हसत होता. हाच मोठा काढून चौकटीत घाल, असं भाऊ लेसिएलीला म्हणाला.

लेसिएलीचा हात उजवीकडे गेला होता. फोटोपुरती शाई होती, पण मग पत्रिका अडल्या असत्या आणि सरदारांच्या घरी काय सांगायचं? आकेसाला काय सांगायचं, हा विचार तिच्या मनाला शिवलाही नाही. काचेआडच तर राहणार आहे, असं म्हणत तिने फोटो डावीकडून काढला. फोटो देखणा आला. लोकांनी वाखाणला आणि तिने ते निमूट ऐकून घेतलं.

अंत्यविधीला काळे कपडे घातलेली, कमरेला दुखवट्याच्या फाटक्या चटया गुंडाळलेली माणसं एकेक करून वाकत होती आणि काचेला नाक टेकवून निरोप घेत होती. आकेसाची पाळी आली तेव्हा तिने भावाला काच काढायला लावली. काचेचा का मुका घेऊ, असं ती म्हणाली. मग फोटोवर तोंड ठेवून ती खूप वेळ रडली. उठली तेव्हा कपाळापासून नाकापर्यंत काळी झाली होती आणि कागदावर फोलाउचं हसू ओघळून गळपट्टीत उतरलं होतं. गाणी थांबली नाहीत. कुणीतरी ओलं फडकं पुढे केलं, ते आकेसाने बाजूला सारलं.

मागे बसलेल्या लेसिएलीला उठून जावंसं वाटलं, पण ती जेवणापर्यंत बसून राहिली. डुकराच्या मांसाचा आपला वाटाही तिने संपवला, आणि नंतर तिला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटली.

पुढे ती शेजारी फिरकली नाही. नवा फोटो काढून द्यायचा तर का, ते सांगावं लागणार होतं. शेवटी आकेसाच आली, हातात नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांचा पुडा घेऊन. ती ओसरीच्या पायरीवर टेकली.

“रागावू नकोस गं. इतका सुंदर फोटो केलास आणि मी रडून त्याची वाट लावली.”

‘असू दे, मावशी’ हे शब्द लेसिएलीच्या ओठांवर आले होते. तेवढं म्हटलं असतं तर सुटली असती.

“मावशी, वर बसा ना.”

“इथे बरी आहे मी.”

मग लेसिएलीच उतरली आणि तिच्याही खालच्या पायरीवर बसली. “तुमच्या रडण्याने नाही झालं ते. शाई कच्ची होती, मला ठाऊक होतं. पक्की घरात होती. ती मी लग्नासाठी राखली.”

आकेसाने पुडा मांडीवरून उचलून पायरीवर ठेवला.

“पत्रिका छान आल्या का?” तिने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

“हो.”

“मग आता त्याचा काढ. मी बसते.” तिने भावाचा तोच फोन पुढे केला.

बोट आलेली होती, शाई काठोकाठ होती. उजवीकडून फोलाउ हसत बाहेर आला. लेसिएलीने तो नीट वाळू दिला आणि दोन्ही हातांनी आकेसापुढे धरला. आता काही होणार नाही, असं ती म्हणाली.

आकेसाने बोट जिभेला लावलं आणि मुलाच्या गालावर घासलं. रंग हलला नाही. तिने लेसिएलीकडे पाहिलं, बोट पुन्हा ओलं केलं आणि आणखी जोराने घासून पाहिलं.