आईच्या गोष्टींचं पंडुम

आईच्या गोंडी गोष्टींचं ॲप मी चंद्रपूरच्या खोलीवर बसून केलं. गोष्टी एटापल्लीकडच्या आमच्या गावातल्या, आवाज तिचा. बाकी सगळं उसनं. आवाज वाजवणारा भाग एकाचा, फॉन्ट दुसऱ्याचा, पानं उलटवणारा तिसऱ्याचा. जगभरच्या अनोळखी लोकांनी फुकट दिलेला कोड. पण फुकट म्हणजे मोकाट नव्हे, हे सगळी जोडणी झाल्यावर कळलं. प्रत्येकाचं नाव आणि परवान्याचा मजकूर ॲपसोबत गेला पाहिजे. काहींची तर अट, की माझा कोडही घेणाऱ्याला मिळाला पाहिजे. आमच्याकडे ॲप बाजाराच्या दिवशी एका फोनमधून दुसऱ्यात जातं. टॉवरच नाही, तिथे लिंक देऊन काय उपयोग? सगळं आतच कोंबायचं होतं.

हे आईला समजावताना मी नको ती हुशारी केली. म्हटलं, आंब्याचं पंडुम होईपर्यंत आपण नवा आंबा तोंडाला लावत नाही, आधी देवाला आणि वाडवडिलांना देतो, तसंच हे. गोष्ट ऐकायला पुढे सरसावलेली आई मागे सरकली. आम्ही बोललो गोंडीत. मराठीत ते असं.

"मंग तुझं पंडुम झालं का?"

"नाई, थोडं राह्यलं."

"मंग मले आत्ता आयकवू नको. सगळ्यायचं नाव घे, मंग आयकीन."

थोडं म्हणता म्हणता ते लांबलं. एका भागाला परवानाच नव्हता, म्हणजे वापरायची मुभाही नव्हती. करणाऱ्याला मेल पाठवले, उत्तर नाही. शेवटी तो भाग उपटून काढला आणि नोकरी सांभाळून स्वतः लिहायला बसलो. गावी गेलो की आई विचारायची, झालं का. मी चिडायचो. परवान्यांवर, त्या उत्तर न देणाऱ्या माणसावर आणि तिच्यावरही. एकदा ऐकलं असतं तर कोणता देव कोपणार होता?

थंडीत ती तापाने गेली. स्वतःचा आवाज न ऐकताच गेली, हे मला अजून सहन होत नाही.

ॲप त्यानंतर पुरं झालं. तिच्या नावाने उभ्या केलेल्या दगडापाशी बसून मी सगळी नावं मोठ्याने वाचली, जिभेला न वळणारीसुद्धा. शेवटचं तिचं. मग गोष्ट लावली. मध्येच ती थांबते आणि मला विचारते, "आयकून राह्यला ना रे?"

रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून मी तेव्हा नुसती मान हलवली होती. तिथे माझा आवाज नाही.