पायाळूची पाठ

भावसिंग राठोड जगात आला तो पाय पुढं करून. डोकं मागाहून आलं, आणि त्याची बायको मिराबाई हिच्या मते ते अजून पुरतं पोचलेलं नव्हतं.

सेनगावच्या पलीकडं टेकडीखाली त्यांचा तांडा. तिथं काय नि साऱ्या तालुक्यात काय, उलटं जन्मलेलं माणूस म्हणजे पायाळू, आणि पायाळूच्या पायाला गुण असतो. कुणाच्या कमरेत उसण भरली, कुणी वाकलं आणि तसंच राहिलं, की त्याला पालथं निजवायचं आणि पायाळूनं डावा पाय तीनदा पाठीला लावायचा. उसण जाते. याचा एक पैसा घ्यायचा नाही, घेतला तर गुण जातो. भावसिंगला पैशाची हाव नव्हतीच. त्याला हाव होती ती जीपच्या पुढच्या सीटची. मागं सतरा माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असोत, भावसिंग दिसला की ड्रायव्हर पुढची सीट मोकळी करायचा आणि म्हणायचा, "बसा पायाळू." त्या दोन शब्दांवर गडी तेहतीस वर्षं जगला होता.

आणि हिंगोली जिल्हा झाला त्याच साली त्याची स्वतःची कंबर धरली.

आधी त्याला वाटलं, जाईल. गेली नाही. सकाळी खाटेवरून उठायचं म्हणजे आधी कुशीवर, मग कोपरावर, मग भिंतीवर आणि शेवटी देवावर भार टाकावा लागे. उठल्यावर घटकाभर पाठ अशी आखडलेली, की देवळाच्या बुटक्या दारातून शिरल्यासारखा तो वाकून चालायचा. ऊन चढलं की जरा सैल व्हायची. रविवारी लोकांच्या पाठीवर पाय ठेवायचा तर तो उचलता उचलता डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. खाली निजलेला माणूस "आई गं" म्हणायच्या आत वरचाच म्हणायचा.

पायाळूची कंबर धरली हे बाहेर कळलं तर? न्हाव्याच्या डोक्यात उवा निघाल्यासारखंच ते. भावसिंगनं दात दाबून धरले आणि ज्याच्या त्याच्यावर संशय घ्यायला सुरुवात केली.

पहिला संशय गोधडीवर. ती बदलली. मग खाटेवर. मग लेकानं, रणजीतनं, आणलेल्या सोयाबीनच्या पोत्यांवर. मग तांड्याचा नायक उत्तमसिंग याच्या नजरेवर, कारण तो हल्ली भावसिंगच्या चालीकडं फार बघायचा. आणि एक दिवस शेतातून येताना त्याला खरा चोर सापडला. इतकी वर्षं लोकांच्या पाठीतून उसण निघून जात होती ती जात कुठं होती? त्याच्याच तळपायातून वर चढत होती, आणि कुठं जाणार!

मग तो दुखणी वाटायला बसला. सकाळचा ताठा जवळा बाजारच्या कापसाच्या व्यापाऱ्याचा, तो माणूसच तसला. बसून उठताना भरणारी चमक कळमनुरीच्या एका मास्तरणीची. आणि कुल्ल्यातून मांडीत उतरणारी, धड जाईना धड येईना अशी रेंगाळणारी ठणक मात्र सरकारी होती. ती सेनगावच्या कचेरीतल्या व्यंकटराव कारकुनांची. त्यांना त्यानं लागोपाठ सात रविवार पाय लावला होता, आणि तेव्हापासून "भावसिंगच्या पायानं मला उभं केलं" असं ते साऱ्या तालुक्याला सांगत होते.

भावसिंग कचेरीत गेला. व्यंकटराव खुर्चीत झेंड्याच्या काठीसारखे ताठ.

"काय रावसाहेब, पाठ कशी हाय?"

"एकदम बराबर!" व्यंकटराव म्हणाले, पण भावसिंगकडं न बघता. "तुमच्याच पायाची कृपा. तुम्ही कसे?"

"मला काय धाड भरली?" भावसिंगही त्यांच्याकडं न बघता म्हणाला.

परीक्षा घ्यावी म्हणून त्यानं टेबलावरचा पेन कोपरानं हळूच खाली पाडला. व्यंकटराव वाकले तर दुखणं माझ्याकडं आलंय, न वाकले तर त्यांच्याकडंच आहे, असा काहीसा त्याचा हिशेब होता. पेन पडला. व्यंकटरावांनी शिपायाला हाक मारली. शिपाई चहाला गेलेला. दोघे त्या पेनाकडं बघत राहिले.

"तुमच्या पायाशी पडलाय," व्यंकटराव म्हणाले.

"पेन तुमचा हाय," भावसिंग म्हणाला.

शेवटी व्यंकटरावांनी बसल्या जागेवरून बुटाच्या टोकानं तो कपाटाखाली ढकलला आणि खिशातला दुसरा काढला. भावसिंग परतला तो आधीपेक्षा दुप्पट संशय घेऊन.

पुढच्या मंगळवारी, बियाणं बघून येतो म्हणून सांगून, तो हिंगोलीला हाडाच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं फोटो काढून उजेडावर धरला. मणक्यामणक्यांमधल्या गाद्या झिजल्यात, सांधे घासतायत, हाडांच्या कडांना टोकं फुटलीत. वय आणि पन्नास वर्षांचं ओझं, दुसरं काही नाही.

"ह्यो फोटू माझाच कशावरून?" भावसिंग म्हणाला. "यात तोंड कुठं दिसून राहिलं?"

डॉक्टर हसला आणि त्यानं त्याला शेजारच्या खोलीत व्यायाम शिकवणाऱ्या रेवतीबाईंकडं पाठवलं. बाई तिशीतल्या, बोलायला मोकळ्या आणि ऐकायला पक्क्या.

"काका, झीज भरून येणार नाही. पण दुखणं ताब्यात ठेवता येतं. सकाळी शेक, मग हे पाच व्यायाम, रोज. चालायचं. दुखतंय म्हणून दिवसभर निजायचं नाही. खाली वाकायचं ते गुडघ्यातून. पट्टा फक्त अवघड दिवशी, नाहीतर पाठ आळशी होते. गोळी फारच झालं तर, तीही जेवून."

"इंजेक्शन?"

"नाही."

भावसिंगनं डोळे बारीक केले. सुई टोचत नाही, पथ्य सांगत नाही, वांगं बंद कर म्हणत नाही. ही कसली डॉक्टरीण! तरीही तो टेबलावर पडला, आणि पडल्या पडल्या त्याला पडद्यापलीकडून ओळखीचं कण्हणं ऐकू आलं. त्यानं पडद्याची कड उचलली. पलीकडं व्यंकटराव, पाय आभाळाकडं, कमरेला पट्टा.

दोघांनीही आधी तोंडावर रुमाल घेतला. मग दोघांच्याही लक्षात आलं की उशीर झाला.

"रावसाहेब, तुमी तर बरे झालते!"

"चार दिवस झालो होतो. पुन्हा धरली. पण साऱ्या गावाला सांगून बसलो होतो, आता कोणत्या तोंडानं शब्द फिरवू? आणि भावसिंगभाऊ, पायाळूच इथं?"

"म्या... बियाणं बघाया आलो."

"उताणं पडून?"

रेवतीबाईंनी दोघांना गप्प बसवून श्वास सोडायला सांगितला. त्या दिवसापासून दर मंगळवारी दोघं येत, आणि बाहेर पडताना एक डावीकडं तर दुसरा उजवीकडं जाई. दुखणी वाटण्याचा धंदा मात्र भावसिंगनं त्याच दिवशी बंद केला. ज्याची सरकारी ठणक त्याच्याचपाशी शाबूत होती, ती आपल्यात कशी येईल?

इकडं मिराबाईचं डोकं भणभणलं होतं. माणूस दर मंगळवारी धुतला सदरा घालून जातो, येताना त्याला कसल्यातरी मलमाचा वास येतो, बियाण्याचा दाणा काही घरात येत नाही. पहाटे कडब्याच्या गंजीमागं जाऊन एकटाच हुं हुं करतो. एक दिवस सदरा झटकताना खिशातून कागद पडला. कागदावर पेनानं काढलेलं माणूस. एका चित्रात उताणं, एकात पालथं, एकात कंबर वर उचललेली. खाली सही. तिनं रणजीतकडून वाचून घेतली.

संध्याकाळी भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "रेवती कोण?"

आणि तिनं तो कागद ताटाशेजारी ठेवला.

"आन् ही चित्रं कसली? या वयात? लाज न्हाई वाटत, घरात सून यायची येळ झाली!"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. पट्टा दाखवावा लागला. फोटोसुद्धा दाखवावा लागला, आणि तो तिनं चुलीच्या उजेडावर उलटा धरला.

"बाई न्हाई म्हणता, नुसती कंबर?"

"व्हय."

"मंग एवढा जीव काहून जाळला माझा?" ती कडाडली. "मला आधी सांगितलं असतं तर शेकाला वीट तरी तापवून दिली असती!"

दुसऱ्या दिवसापासून वीट तापू लागली. भावसिंग गंजीमागं पाठ उचले आणि मिराबाई पुढं उभी राहून पहारा देई, व्यायाम चुकवला तर खोकून सांगे. तीनचार महिन्यांत त्याचं उठणं घटकेवरून दहा मिनिटांवर आलं. कधी एकदम बरा दिवस जाई, कधी विनाकारण वाईट. तांड्याला मात्र काही कळू द्यायचं नाही, हे ठरलेलं.

कापूस वेचणीच्या दिवसांतला रविवार होता, आणि वाईट दिवस होता. सदऱ्याखाली पट्टा आवळून भावसिंग दारात बसला होता. तेवढ्यात चौघांनी एक खाट आणली. खाटेवर देविदास, तांड्यातलाच, पंचविशीचा गडी. आदल्या दिवशी सकाळी कापसाच्या भरल्या गाडीवरून पाठीवर आदळलेला. बरोबर त्याची आई पार्वतीबाई, पुढं नायक उत्तमसिंग, मागं अर्धा तांडा.

"रातभर कण्हला माझा लेक," पार्वतीबाई म्हणाली. "पाय लाव भावसिंग, मोकळा कर त्याला."

देविदासला पालथा केला. भावसिंगनं दाराची चौकट धरून डावा पाय उचलला. कळ अशी आली की तोल गेला, आणि त्याची टाच देविदासच्या उघड्या तळपायावर चांगली जोरात पडली.

देविदास हललासुद्धा नाही.

तेहतीस वर्षांत भावसिंगनं शेकडो माणसं निजवली होती. उसण भरलेला माणूस जवळ नुसती सावली आली तरी ओरडतो. भावसिंग थबकला. त्यानं देविदासच्या पोटरीला चिमटा घेतला.

"कळतंय का रे?"

"काय, काका?"

"लघवी कवा केलीस?"

"काल सकाळपसून न्हाई झाली."

हे काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. पण ही उसण नाही आणि इथं पाय लावायचा नाही, एवढं त्याला पक्कं कळलं.

"ही उसण न्हाई. याला अलगद उताणा करा, पाठ हलवू नका, दाराची फळी काढून तिच्यावर निजवा आन् आत्ताच्या आत्ता हिंगोलीला न्या."

गर्दीत कुजबूज झाली. उत्तमसिंगानं मान तिरपी केली. "काहून? ताकद सरली का पायाची?"

"बांधाचं भांडण हाय आमचं मागल्या सालचं," पार्वतीबाई कडकडा बोटं मोडत म्हणाली. "त्याचा डूख धरून राहिला ह्यो! माझ्या लेकरावर सूड काढतो!"

"वहिनी, तसं न्हाई..."

"कळमनुरीकडं दुसरा पायाळू हाय," मागून कुणी म्हणालं. "उचला खाट. तिकडं नेऊ."

दोघांनी खाटेला हात घातलासुद्धा. दुसऱ्या पायाळूचा पाय त्या पाठीवर पडला तर पोरगं जन्माचं खाटेवर राहील, असं भावसिंगच्या मनानं घेतलं. आणि याला थांबवायचं तर सांगण्यासारखं एकच होतं. त्यानं मिराबाईकडं बघितलं. तिनं होकाराची मान हलवली.

भावसिंगनं सदरा वर केला.

"बघा. धा महिने झाले. ह्यो पट्टा हाय. मणके झिजलेत माझे. दर मंगळवारी मी हिंगोलीला बियाण्याला न्हाई, डॉक्टरकडं जातो. माझाच पाय माझ्या पाठीला लागला न्हाई, तर याच्या पाठीला काय लागंल? पायाळूचंच ऐकायचं असंल तर ऐका, याला डॉक्टरकडं न्या."

कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं. उत्तमसिंग पट्ट्याकडं बघत राहिला, मग त्यानंच रणजीतला जीपसाठी पळवलं. फळीवर बांधून देविदासला मागं आडवा घातला. ड्रायव्हरनं सवयीनं पुढची सीट झटकली. भावसिंग मागं चढला आणि खालच्या पत्र्यावर बसून दोन्ही हातांनी फळी धरून राहिला. हिंगोलीपर्यंतचा प्रत्येक खड्डा त्याच्या मणक्यांनी मोजला.

हिंगोलीहून देविदासला तसाच नांदेडला हलवलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. अजून एक रात्र गेली असती तर पाय आले नसते, असं तिथल्या डॉक्टरनं रणजीतला सांगितलं.

रविवारची गर्दी मात्र ओसरली. काही कळमनुरीकडं वळले, काही नुसता पट्टा बघायला आले. जीपमध्ये आता "सरका जरा काका" ऐकू येऊ लागलं. भावसिंगला ते लागलं, खोटं कशाला सांगा. पण तो आता व्यायाम गंजीमागं न करता अंगणात करू लागला, आणि मिराबाईला खोकायचं कारण उरलं नाही, ती सरळ ओरडायची.

दोन महिन्यांनी देविदास घरी आला. भावसिंग त्याला बघायला गेला. पोरगं ओट्यावर बसलेलं, शेजारी काठी. पार्वतीबाईनं चहा दिला, पण तोंडावरचा संशय काही गेलेला नव्हता.

"चालतो आता घरातल्या घरात," ती म्हणाली. "पर त्या दिशी तू पाय लावला असतास ना, तर एवढं ऑपरेशन लागलंच नसतं."

"आई!" देविदास म्हणाला.

"मी आपलं मनातलं बोलून राहिले. मनात काहून ठेवायचं?"

भावसिंग आधी खांब धरून, मग गुडघ्यातून, हळूहळू खाली बसला. त्यात बराच वेळ गेला आणि दोघं मायलेक बघत राहिले. मग त्यानं देविदासचा पाय मांडीवर घेतला आणि तळव्यावरून टाचेपासून अंगठ्यापर्यंत नख ओढलं.

देविदासनं पाय झटकन मागं ओढला. "अरे काका, गुदगुल्या होतात!"

"होऊ दे," भावसिंग म्हणाला, आणि त्यानं दुसरा पाय मागितला.