फाईलचं तोंड बघणारा

"शेपटीवर जाऊ नका साहेब, तोंड बघा."

असं म्हणताना तो डाव्या हाताचा अंगठा पडद्याच्या खालच्या कडेला लावायचा आणि किंचित वर उचलल्यासारखं करायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, धूळ पुसतोय. मेंढरांच्या बाजारात वय ओळखायला गिऱ्हाईक असाच अंगठ्याने मेंढीचा ओठ वर करून दात बघतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्याचं बालपण मेंढरांमागे गेलं होतं. संगणक हाताला नंतर लागला, पण अंगठा जुनाच राहिला.

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. हुद्दा काही मोठा नसतो, पण तो रजेवर गेला की बाकीच्यांचे हात लुळे पडतात. आमच्याकडे तो 'ऑपरेटर' होता. आमची संस्था लहानशी, शहरात पुंडलिकनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत चालायची. दुष्काळाची लागोपाठची वर्षं होती, आणि ज्या वाड्या कुठल्याच यादीत बसत नव्हत्या त्यांना आम्ही पाण्याचे टँकर पाठवायचो. वाडीने ईमेलने अर्ज करायचा, सोबत कोरड्या विहिरीचा फोटो जोडायचा, आणि फोटो असल्याशिवाय टँकर नाही, असा नियम होता. नियम मीच केला होता. लबाडी होऊ नये म्हणून केला होता, आणि तेव्हा मला तो फार चोख वाटायचा.

अडचण अशी की फाईली वेष पालटून यायच्या. वाडीतला माणूस तालुक्याला, फुलंब्रीच्या सायबर कॅफेत जाऊन फाईल पाठवायचा, ती तिथल्या यंत्रातून निघून आमच्या यंत्रात पोचेपर्यंत भलतीच होऊन बसायची. कधी वर्डची फाईल झिप होऊन येई आणि उघडली की आत दहा निरर्थक कप्पे. पुण्याच्या एक देणगीदार बाई वेगळ्याच जातीचा संगणक वापरायच्या. त्यांचं प्रत्येक पत्र आमच्याकडे 'डॅट' नावाचा एक मुका दगड होऊन पडायचं. आणि काही फाईलींच्या नावामागची ती तीन अक्षरं वाटेतच गळून जायची. त्या अक्षरांना तो शेपूट म्हणे.

मग तो ती फाईल नोटपॅडमध्ये उघडायचा. पडदाभर चिन्हांचा कचरा सांडायचा. त्याची नजर फक्त पहिल्या ओळीवर असायची. 'पीके' ही अक्षरं दिसली की म्हणायचा, "ही वर्डची हाय. झिपचं घोंगडं पांघरून आलीय." मग नवं शेपूट लावायचा आणि फाईल निमूट उघडायची. मला दरवेळी गंमत वाटायची, आणि खरं सांगतो, थोडा हेवाही वाटायचा.

एकदा एका वाडीहून 'अर्ज' नावाची फाईल आली. वर्डचं शेपूट, पण वर्ड काही तिला घरात घेईना. त्याने तोंड पाहिलं आणि हसला. "साहेब, हे गाणं हाय." शेपूट बदलून लावलं तर गाणं नव्हतं, एक म्हातारा बोलत होता. लिहिता येत नव्हतं म्हणून त्याने कॅफेवाल्यासमोर अर्ज तोंडी सांगितला होता, मधे दोनदा खोकला होता, आणि शेवटी 'कळावे' म्हणून थांबला होता. याने तो सगळा अर्ज डोक्यावरची टोपी काढून ऐकला आणि अक्षर न अक्षर टाईप केला. खोकला तेवढा गाळला.

आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर होतं. 'फाईल उघडत नाही. कृपया पुन्हा पाठवावी.' ते त्याला अजिबात आवडत नसे.

"उघडत नाय म्हंजे आपल्याला उघडता येत नाय," तो म्हणायचा. "अन पुन्हा पाठवा म्हणायला सोपंय. पुन्हा म्हंजे पुन्हा फुलंब्री. एका माणसाचा दिवस जातो, तवा ते पत्र निघतं."

"मग काय करायचं?"

"मी हाय की."

तो होता, हे खरंच होतं. म्हणूनच आम्ही निर्धास्त होतो.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याला टायफॉईड झाला. बारा दिवस तो आपल्या खोलीवर पडून होता. त्या दिवसांत अर्ज दुपटीने आले. सुरुवातीच्याच एका दुपारी फुलंब्रीपलीकडच्या एका वाडीचा आला. मजकूर ईमेलमध्येच होता, नीट वाचता येत होता. विहीर आटली आहे, माणसं इतकी, जनावरं इतकी. शेवटी एक ओळ होती, 'तेथे आमचा भाचा आहे, त्यास दाखविणे.' मी हसलो. त्या दिवसांत प्रत्येक वाडीचा कोणी ना कोणी भाचा आमच्याकडे असायचा. फोटोच्या फाईलला शेपूट नव्हतं. मी दोनदा टिचक्या मारल्या. संगणकाने विचारलं, कशाने उघडू? मला कुठे माहीत होतं. मी ठरलेलं उत्तर पाठवलं आणि पुढच्या अर्जाकडे वळलो. त्याला एक फोन करून विचारता आलं असतं. आजारी माणसाला कशाला त्रास, असं मी मनाशी म्हटलं, पण खरं कारण कंटाळा हे होतं.

तो परत आला तेव्हा गालफडं बसली होती. आल्या आल्या त्याने न उघडलेल्या फाईलींचा ढीग उपसायला घेतला. त्या वाडीच्या ईमेलपाशी आला आणि थांबला. ते पत्र त्याने बराच वेळ वाचलं. मग माझं उत्तर वाचलं, खाली माझं नाव होतं. तारीख बघितली. उठला आणि म्हणाला, "साहेब, एक टँकर द्या. मी संगं जातो."

नियमाची आठवण करून द्यायचं धाडस मला झालं नाही.

संध्याकाळी टँकर परत आला तो भरलेलाच. ड्रायव्हर म्हणाला, हॉर्न वाजवून वाजवून थकलो, एक माणूस भांडं घेऊन आला नाही. घरांना कुलपं होती. ज्यांना कुलपं नव्हती त्यांनी दारं तारेनं बांधली होती. ते पाणी शेवटी आमच्या समोरच्या नव्या इमारतीच्या हौदात ओतलं, कारण टँकर सकाळी दुसरीकडे जायचा होता. शहर तेव्हा चहूकडून वाढत होतं, बांधकामाला पाणी कितीही लागत होतं.

ऑपरेटर येऊन आपल्या खुर्चीवर बसला. मी विचारलं, "तुमचं गाव का ते?"

"आजोळ. आई गेल्यावर मामानं वाढवलं."

पुढे पंधरा-वीस दिवसांनी त्याच इमारतीवर कामाला आलेली एक बाई पिण्याचं पाणी मागायला आमच्या दारात आली. डोक्यावर चुंबळ, पायाला सिमेंट. तिने आत पाहिलं आणि घागर खाली ठेवली. ती त्याची मामी होती.

ती रडली नाही, रागावली तर नाहीच. घटाघटा पाणी प्यायली आणि सांगत राहिली. "फोटू पाठवल्यावर लोक म्हनले, दुसरीकडं कशाला अर्ज करायचा? आपलं लेकरू बसलंय तिथं. आठ दिस वाट बघितली रं. तू हायेस म्हनून कुनी हललं नाय, उत्तर बघाया फुलंब्रीला बी गेलं नाय. मग मेंढरं पडाय लागली."

"मामा कुठाय?"

"उरलेली मेंढरं घेऊन नदीच्या अंगाला गेला. म्हनला, पानी लागलं की सांगावा धाडतो."

सांगावा आला नाही. पावसाळा आला तरी आला नाही. मामीला त्याने आपल्या खोलीवर नेलं. सुट्टीच्या दिवशी तो एसटीने नदीकाठच्या गावांतून हिंडायचा आणि भेटेल त्या मेंढपाळाला मामाच्या मेंढरांच्या कानाची खूण सांगायचा. सोमवारी येऊन शेपट्या लावायला बसायचा. एकदाही तो मला टाकून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मीच एके दिवशी म्हणालो, "ती भाच्याची ओळ मी वाचली होती."

"व्हय," तो म्हणाला. "मला ठावं हाय. पत्रावर तुमचं नाव होतं की."

त्या फोटोची फाईल मात्र त्याने उघडली नाही. ती त्याच्या पडद्यावर एका कोपऱ्यात तशीच बिनशेपटीची असायची, पांढऱ्या कोऱ्या चौकोनासारखी. मी एकदा विचारलं, "तोंड पाहिलंत का?"

"पाहिलं. फोटोच हाय. पहिल्या ओळीत दिसतंय."

"मग लावा की शेपूट."

त्याचा अंगठा पडद्याच्या कडेपाशी गेला आणि परत आला. "नको साहेब. बंद हाय तवर ती माणसं तिथंच हायेत. मामा बी हाय."

पुढे चांगले पाऊस झाले, देणग्या आटल्या, संस्था बंद झाली. शेवटच्या दिवशी त्याने माझ्या हातात एक पेन ड्राईव्ह ठेवला. "ती एकच फाईल हाय. उघडा म्हणत नाय. जपून ठेवा. दोघांकडं असलेली बरी." मी ठेवली. मामीला घेऊन तो दौलताबादच्या बाजूला राहायला गेला. दोन-तीनदा फोनवर बोललो. दरवेळी मी मामाचं विचारायचो आणि तो म्हणायचा, "अजून नाय." तीन वर्षांपूर्वी त्याच्या फोनवरून मामीचा आवाज आला. भाचा झोपेतच गेला, म्हणाली. वय काही जायचं नव्हतं.

एवढी वर्षं ती फाईल मी एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवत आलो. कधी तोंड पाहिलं नाही, शेपूट लावलं नाही. त्याचा शब्द तेवढा तरी पाळावा असं वाटायचं. गेल्या महिन्यात मुलीने मला नवा संगणक घेऊन दिला आणि मी नेहमीसारखी ती फाईल त्यात टाकली. या नव्या यंत्रांना शेपूट लागत नाही, ती आपली आपणच तोंड बघतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कोऱ्या चौकोनाच्या जागी चित्र आलं. मी काहीही दाबलं नव्हतं.

विहीर चित्रात जेमतेम दिसते, एका कडेला. बाकी सगळी माणसंच. अख्खी वाडी कठड्याभोवती दाटीवाटीने उभी आहे. थेंबभर पाणी नसताना बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली आहेत, पोरांचे भांग पाडले आहेत. पुढे लाल पटका बांधलेला एक उंच म्हातारा आहे. त्याच्या काखेत कोकरू आहे आणि मोकळ्या हाताच्या अंगठ्याने त्याने कोकराचा ओठ वर करून धरला आहे, दात दाखवायला.

सगळे हसत आहेत. फोटो कोण उघडणार, हे त्यांना ठाऊक होतं.