दगडामागचा हिरवा ठिपका

माझ्या नावावर आजवर एकच शिखर आहे, आणि ते एका दगडाच्या मागे आहे.

एरवी मी बडेजावाच्या विरुद्ध. इथे दुबईत, अल कुसैसमधले आमचे शेजारी दर हिवाळ्यात डोंगरात जाऊन 'एक्स्पिडिशन'चे फोटो टाकतात, त्यांना मी वर्षानुवर्षं हसत आलो. पण पुण्याहून आलेले माझे सासरे, नाना, एकदा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टची वाट बघता, नाही?" नानांनी कॅनव्हासच्या बुटांत दीडशे किल्ले चढलेत. मला ते लागलं. मी रास अल खैमाच्या डोंगरात जायचं ठरवलं. आणि नुसतं जाऊन काय उपयोग? पुण्यात बसून नानांना दिसायला हवं! म्हणून सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र घेतलं.

मोबाइलला रेंज नसते तिथेही हे यंत्र चालतं, आणि आपण कुठे आहोत ते घरच्यांना नकाशावर हिरव्या ठिपक्यानं दाखवत राहतं. यादीत दहा माणसं भरता येतात. मी दहाही भरली: नाना, मेहुणे, मेहुण्या, शेजारी आणि (काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे!) ऑफिसचे साहेब. एका बटणासरशी दहाजणांना जातील असे तीन मेसेजही आधीच लिहून ठेवले. एक: 'सर्व कुशल. मोहीम ठरल्याप्रमाणे.' दोन: 'अवघड टप्पा. धीर खचलेला नाही.' तीन: 'शिखर सर!'

"धीर खचलेला नाही?" बायको, मृणाल, म्हणाली. "अरे, दोन तासांची वाट आहे. लोक पोरांना खांद्यावर बसवून नेतात!"

तिनं थालीपिठं बांधून घेतली. मी नाकारली. मोहिमेवर सुका मेवा खातात! देऱ्याच्या बाजारातून आणलेले अर्धा किलो अंजीर मी गाडीतच संपवले.

चालायला लागून चाळीस मिनिटं झाली असतील. कोरड्या ओढ्यातून वाट होती, हवा सुरेख होती, आणि अंजिरांनी आपली स्वतंत्र मोहीम सुरू केली. सॅक, फोन, पाणी, सगळं मृणालच्या अंगावर टाकून मी एका मोठ्या दगडामागे धावलो. यंत्र तेवढं कमरेला राहिलं.

पंधरा मिनिटांनी ते किणकिणलं. नाना! (यंत्राला देवनागरी येत नाही. नाना इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, तेही सगळं कॅपिटलमध्ये, म्हणजे ओरडूनच.) "ठिपका का थांबला?"

मी एक नंबर दाबला. मेसेज जायला मोकळं आकाश लागतं, म्हणून हात उंच धरला. चौकातल्या पुतळ्यासारखा दिसत असणार मी. फक्त बसलेल्या.

"ठरल्याप्रमाणे? एकाच जागी वीस मिनिटं? पाय मोडला का?"

मी दोन नंबर दाबला.

"घाबरू नका. अजिबात हलू नका. टीव्हीवर नकाशा लावलाय, सोसायटीतले सातजण तुमच्याकडेच बघत आहेत."

हे वाचून माझा घामेजलेला अंगठा घसरला आणि तीन नंबर गेला!

"शिखर? तुम्ही ओढ्यात आहात! ऊन लागलंय, भ्रम झालाय. पाच मिनिटांत उत्तर द्या, नाहीतर मी हेलिकॉप्टर मागवतो."

नाना बोलतात ते करतात. एकदा वीज गेली म्हणून ते थेट मुख्य अभियंत्याच्या घरी जाऊन बसले होते.

"मृणाल!" मी दगडामागून ओरडलो. "नानांना फोन लाव!"

"रेंज कुठाय इथे? म्हणून तर ते यंत्र घेतलंस ना!"

"बाबा," आमचा बारा वर्षांचा अर्णव पलीकडून म्हणाला, "जस्ट टाइप द ट्रुथ."

"दहाजणांना जाईल रे ते! साहेब आहेत त्यात!"

"एकट्या आजोबांना पाठव ना."

"ते कसं करायचं ते पुस्तिकेत आहे!"

"आणि पुस्तिका?" मृणाल.

"गाडीत."

"ओके," अर्णव शांतपणे म्हणाला, "देन द हेलिकॉप्टर विल सी यू."

डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. वरून दोरीनं उतरणारे जवान, खाली मी. मी बाणाच्या बटणांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'पोट बिघडलंय. दगडामागे बसलोय. हेलिकॉप्टर नको.' आणि डोळे मिटून दहाजणांना पाठवलं.

पहिलं उत्तर साहेबांचं आलं: "नोटेड." मग नानांचं: "काय खाल्लं होतं?"

आम्ही तिथूनच परतलो. थालीपिठं मायलेकांनी गाडीत माझ्यादेखत खाल्ली.

या हिवाळ्यात नाना पुन्हा आले. वय चौऱ्याहत्तर. चहा पिता पिता म्हणाले, "मला तो दगड बघायचाय. यल्ला!" (म्हणजे 'चला!' एवढं एक अरबी त्यांनी उचललंय.) मृणाल, अर्णव, यंत्र आणि थालीपिठं घेऊन ते ओढ्यात शिरले. माझा गुडघा दुखत होता, म्हणून मी गाडीतच थांबलो. गाडीपाशी रेंज होती आणि यादीत नानांच्या जागी आता मी होतो. तासाभरात मेसेज आला: 'शिखर सर!' ठिपका बरोब्बर त्या दगडावर. मग पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. ठिपका हलेना. मला राहवेना. मी लिहिलं, "नाना, ठिपका का थांबला?"

लगेच उत्तर आलं, सगळं कॅपिटलमध्ये: "थालीपीठ खातोय. तुम्ही लिफ्टची वाट बघा."