पांढरा सांधा

भरतीचं पाणी गटारातून वर येतं, जावातल्या सेमारांग शहराच्या त्या खालच्या अंगाला आमची गल्ली आहे. तार्मुजी गल्लीच्या तोंडाशी सायकलींची पंक्चरं काढायचा. घरोघरचे पाइप भिंतींवरून उघडेच गेलेले. जिथे सांधा गळे तिथे तार्मुजीने जुन्या ट्यूबची काळी पट्टी ताणून गुंडाळलेली असे. नवा सांधा परवडतो कुणाला? त्याच्या स्वतःच्या मोरीतला, पाइप वळतो तिथला एल्बो मात्र गळत होता. त्याची बायको विजी म्हणायची, "अहो, बघता का जरा?" तो म्हणायचा, "उद्या."

एकदा तो जेवायला घरी आला, तर एल्बोखालची बादली नव्हती. सांध्यावर पांढरा, दातासारखा गुळगुळीत थर.

"कुणी केलं?"

"दार्सोनोने. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळवलं, पाइप कोरडा केला, थापलं. पैसे घेतले नाहीत."

दार्सोनो शेजारी राहायचा. एकटा, बायको वारलेली.

"आणि तू काय दिलंस?"

"केळी तळून दिली. द्यायला नकोत?"

संध्याकाळी ताटली परत आली. शेजाऱ्याची ताटली रिकामी कुणी धाडत नाही. तीत जांब होते, एकेक पुसून ठेवलेले. विजीने ती दोन्ही हातांनी घेतली.

"वहिनी, आता त्या बादलीत मासे पाळा!" कुंपणापलीकडून दार्सोनो म्हणाला. ती हसली. हसण्याचं तार्मुजीला काही वाटलं नाही. ते दोन हात मात्र डोळ्यांपुढून हलेनात.

त्याने जांब खाल्ले नाहीत. तो येता-जाता सांध्याला कान लावू लागला. एक थेंब पडावा, एवढंच. सांधा गप्प. गल्लीत आणखी कुठे कुठे पांढरं दिसू लागलं. "मुजी, तुझ्याच घरात गोरा पाहुणा?" लोक विचारत. तो चाकाचा आरा पिळत बसे.

एके सकाळी विजी अंगणात कपडे वाळत घालत होती. त्याने पांढऱ्या थराच्या कडेखाली नख घातलं. निघेना. मग पाइपच खांद्याने दाबला. थर तडकला आणि पाणी तोंडावर आलं.

विजी धावत आली. "काय झालं?"

"त्याचं काम! टिकणार होतं का?"

तिने सांधा पाहिला. मग त्याचं नख. नखात पांढरा चुरा होता. ती कुंपणाकडे वळली.

"त्याला बोलवू नकोस," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "हात लाव इथे. धरून ठेव."

तिने दोन्ही तळव्यांनी सांधा आवळला. त्याने स्वतःच्या सायकलची, परवाच घातलेली ट्यूब उपसली, फाडली आणि ताणून गुंडाळू लागला. पट्टी जवळ येईल तसं ती एकेक बोट काढून घेत होती. वाहत्या पाण्यातच सांधा बंद झाला.

दार्सोनो कुंपणाशी आला होता. "दादा, चालू पाण्यात? मला नसतं जमलं हो."

तार्मुजी विजीकडे पाहत राहिला. तिने ओले हात कपड्यांना पुसले, चूल पेटवली, केळी तळली आणि ताटली त्याच्या हातात दिली.

"त्याला देऊन या. त्याचं काम तुम्ही मोडलंत."

तो निघाला. कुंपण चार पावलांवर होतं. ताटली गरम होती, म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी धरली. संध्याकाळी ती भरून परत येणार होती, आणि घ्यायला दारात विजीच उभी असणार होती.