घंटा वाजली की उठायचं

शनिवार पेठेतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटची पाटी उतरली आणि तिथे कॉम्प्युटर क्लासची पाटी चढली, तेव्हा जुन्यातल्या दोनच गोष्टींना जीवदान मिळालं. एक पितळी घंटा, दुसऱ्या द्वारकाबाई शिराळकर.

बाईंनी वीस वर्षं टायपिंग शिकवलं. मुलांच्या बोटांवर रुमाल टाकायच्या आणि रुमालाखालून जो बिनचूक, भरभर टाइप करेल तो हुशार, अशी त्यांची सरळ पारख. स्वतःचं अक्षर टपोरं, बोलणं तुटक. कुणी 'मॅडम' म्हटलं तर म्हणायच्या, "त्या दुसरीकडे असतील."

१९९९ साल होतं. ज्या घरात पोराचं पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं, त्या घरातून ते पोर कॉम्प्युटरला घातलं जात होतं. मालक बद्रीनाथशेठ यांनी मशिनं आठ आणली आणि मुलं सोळा घेतली. मग शिकवायला येणाऱ्या तरुण सरांनीच नियम घालून दिला. एका मशीनवर दोघांनी बसायचं. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने बघायचं, विचार करायचा, चूक दिसली की बोलायचं. अर्ध्या तासाने घंटा वाजली की खुर्च्या बदलायच्या. सर शिकवून निघून जात. सरावावर लक्ष ठेवणं आणि घंटा वाजवणं बाईंकडे.

बाईंना हे आधी मुळीच पटलं नाही. दोघांनी मिळून एक काम म्हणजे एकाने करायचं आणि दुसऱ्याने जांभया द्यायच्या, असं त्यांचं मत. पण महिनाभरात त्यांना आपलं मत जरा गिळावं लागलं. एकटी असती तर रडकुंडीला आली असती अशी मुलं जोडीने बसून भांडत होती, आणि भांडता भांडता चूक सापडत होती. सरांना विचारायला लाजणारी पोरं शेजारच्याला बिनदिक्कत विचारत होती.

सगळ्यांत तरबेज जोडी मिसबा तांबोळी आणि समाधान ओव्हाळ यांची. मिसबाच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ती बाईंच्याच रुमालाखालून पास झालेली, त्यामुळे तिच्यावर बाईंचा अंमळ जास्तच जीव. समाधान वाघोलीच्या पोस्टमनचा मुलगा. डोकं असं, की वहीत न लिहिताच उत्तर सांगायचा. तो बोलायचा, ती टाइप करायची, आणि बाकीच्यांचं निम्मं होतं न होतं तोवर यांचा प्रोग्राम चालू झालेला असायचा.

घंटा वाजली की मिसबा म्हणायची, "दोनच ओळी राहिल्यात, बाई."

बाई म्हणायच्या, "बरं, आटप."

त्या दोन ओळी सहा महिन्यांत कधी संपल्या नाहीत. खुर्च्या कधी बदलल्या नाहीत. बाईंना ते रोज दिसत होतं. पण शेठ नव्या मुलांच्या आईबापांना आणून हीच जोडी दाखवायचे, आणि मिसबाची बोटं बघून ते थक्क झाले की बाईंना मनातून गुदगुल्या व्हायच्या.

मग एका कंपनीने मुलं घ्यायची म्हणून परीक्षा ठेवली. तिथे एका मशीनवर एकच खुर्ची होती. मिसबाने आपलं नाव टाइप केलं आणि पुढचे दोन तास रिकाम्या पडद्याकडे बघत बसली. समाधानने कागदावर उत्तर पहिल्या दहा मिनिटांत काढलं, पण एकेक अक्षर शोधत निम्म्यावर आला तेव्हा वेळ संपली. क्लासमधली चार साधारण मुलं पास झाली. ही दोघं नाही.

दुसऱ्या दिवशी समाधान घंटेपाशी येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"बाई, आमी खुर्च्या बदलत न्हवतो ते तुमाला दिसत व्हतं ना?"

"दिसत होतं," बाई म्हणाल्या. वीस वर्षांत कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. पण याला दुसरं उत्तर नव्हतं.

कंपनी सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा घेणार होती. बाईंनी शेठना न विचारता ती जोडी फोडली. समाधानच्या बोटांवर रुमाल पडला. मिसबाच्या शेजारच्या खुर्चीत बाई स्वतः येऊन बसल्या.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," त्या म्हणाल्या. "काय करणार आहेस ते मला कळेल असं सांग. तोवर की-बोर्डला हात नाही."

मिसबा पहिल्या दिवशी रडली. आपण इतके दिवस नुसतं ऐकून उतरवत होतो, हे तिला बोलायला लागल्यावर उमगलं. बाई खरोखरच अडाणी, त्यामुळे त्यांना खोटं खोटं समजावता येईना. 'हे असं का?' हा त्यांचा एकच प्रश्न, आणि तो दर ओळीला. हळूहळू मिसबाला उत्तरं सुचू लागली. मग एक दिवस बाईंनी विचारायच्या आधीच तिने स्वतःची चूक पकडली.

शेठ कुरकुरले की आता दाखवायला जोडी नाही. बाई म्हणाल्या, "मग घंटा दाखवा, ती पितळी आहे."

दुसऱ्या परीक्षेत मिसबा पास झाली. समाधान पुन्हा राहिला, अगदी थोडक्यात. सगळं बरोबर होतं, शेवटचा भाग टाइप व्हायचा राहिला. सहा महिन्यांची सवय बोटांतून सहा आठवड्यांत निघाली नाही. त्याला पुढे चार महिन्यांनी दुसरीकडे नोकरी लागली. पेढे द्यायला आला तेव्हा बाईंनी पेढा घेतला, पण त्यांना त्याच्याकडे नीट बघवेना. ते चार महिने आपल्या खाती आहेत हे त्या कधीच विसरल्या नाहीत.

नव्या तुकडीत राधा नावाची एक मुलगी होती. बोटं मिसबासारखीच. शेजारचा मुलगा हाताची घडी घालून बसलेला. बाईंनी घंटा वाजवली. राधाने मान वर न करताच सांगितलं, "दोनच ओळी राहिल्यात, बाई."

द्वारकाबाई तिच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "त्या दोन त्याला लिहू दे."