मोठ्या आवाजाचे मार्क

टेप संपली. मग लंडनहून आमचे चेअरमन फोनवर म्हणाले, “मार्क सांगा.” एकेक देश बोलू लागला आणि माझं तोंड उतरत गेलं. तीन, तीन, तीन. फिनलंडच्या आयनो बाईंनी तर दोनच दिले.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या ऑफिसात स्पीकरफोनपुढे बसले होते. कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झाल्यावर मी परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेची स्पीकिंग एक्झामिनर झाले होते. ही परीक्षा बऱ्याच देशांत व्हायची. कोल्हापुरातले चार मार्क आणि फिनलंडमधले चार मार्क सारखेच भरले पाहिजेत. म्हणून अधूनमधून सगळ्या देशांचे परीक्षक त्याच टेप ऐकायचे, मार्क द्यायचे आणि फोनवर वाद घालायचे. याला स्टँडर्डायझेशन म्हणतात. दुकानातला वजनकाटा तपासतात तसंच, फक्त इथं काटा म्हणजे आम्ही.

टेप सुनीताची होती. ही गडमुडशिंगीची नर्स. आयर्लंडच्या एका हॉस्पिटलनं तिला नोकरी देऊ केली होती, पण पाचपैकी चार मार्कांच्या अटीवर. मी चार दिले होते, पुण्याहून आलेल्या दुसऱ्या परीक्षकांनी तीन. असं अडलं की टेप पॅनेलकडं, म्हणजे फोनवरच्या या सगळ्या परीक्षकांकडं जाते आणि पॅनेल म्हणेल ते फायनल. ती पुन्हा परीक्षेला बसेपर्यंत हॉस्पिटल थांबणार नव्हतं.

ही परीक्षा जोडीनं द्यायची असते. दोघांनी एकमेकांशी बोलून एक निर्णय घ्यायचा. विषय होता, गावच्या शाळेला कॉम्प्युटर द्यावा की पाण्याचा फिल्टर. सुनीताच्या जोडीला कागल एमआयडीसीतल्या फौंड्रीचा सुपरवायझर होता. दिवसभर मशीनच्या वर आवाज काढून बोलणारा माणूस. तो कॉम्प्युटरवाला, ही फिल्टरवाली. लगेच “नो, नो, यू लिसन टू मी” सुरू झालं. कोल्हापूरकर याला गप्पा म्हणतात.

आयनो बाई म्हणाल्या, ती त्याला बोलूच देत नाही, हा संवाद नाही. मला खरंच राग आला. मी म्हटलं, टेप पुन्हा लावा आणि आवाज बारीक करून ऐका. तो म्हणतो, कॉम्प्युटरनं पोरांचं भविष्य घडेल. ती मध्येच तोडते खरी, पण त्याचाच मुद्दा उचलून म्हणते की आजारी पोर शाळेत येतच नाही, मग कॉम्प्युटर बघणार कोण? ऐकल्याशिवाय असं उत्तर देता येत नाही.

आयनो बाईंनी विचारलं, “मग आमच्या माणसाला तुम्ही दोन का दिले?”

त्यांची टेप आदल्या तासाला झाली होती. त्यातला उमेदवार प्रत्येक वाक्याआधी इतका थांबायचा, की मला वाटलं लाईन कट झाली. मी म्हटलं, “आमच्याकडं माणूस एवढा गप्प बसला तर घरचे डॉक्टरला बोलावतात.”

“आमच्याकडं,” त्या म्हणाल्या, “तो समोरच्याचं ऐकून विचार करतोय असं समजतात.”

सगळे हसले, मीही हसले. माझी चांगलीच जिरली होती. चेअरमननी दोन्ही टेप पुन्हा लावल्या. या वेळी आम्ही एवढंच बघितलं की समोरच्याच्या बोलण्याला उत्तर मिळतंय का. दोन्हीकडं मिळत होतं. सुनीताला चार मिळाले, त्या गप्प गृहस्थांनाही चार. परीक्षकांच्या सूचनांत नवीन ओळ आली, की बोलणं कळत असेल तर आवाज किंवा विराम यांमुळे मार्क कापू नयेत.

निकाल लागल्यावर सुनीता भेटायला आली. पॅनेलवर काय झालं ते सांगायची मला परवानगी नव्हती. एवढंच विचारलं, परीक्षेत त्या सुपरवायझरशी भांडण झालं होतं का?

“भांडाण? कुठलं भांडाण, मॅडम? भाईर आल्यावर त्येनंच मला च्या पाजला की.”

हे मी पॅनेलला कधी कळवलं नाही. परीक्षकानं टेपवर आहे तेवढंच मोजायचं असतं, आणि तेवढं नीट मोजायला मला फिनलंडनं शिकवलं.